चाकाला माइक बांधणारी वैजू

वैजू, तो आला होता.

तुझ्या तेराव्याला, माकुणसारच्या तुमच्या ओटीवर, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. इतकी वर्षं आपण त्याला 'सर' म्हणत आलो, म्हणून इथेही सरच म्हणते. नाव लिहिणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तुझ्या आईसमोर हात जोडून तो म्हणाला, "मला मुलीसारखी होती हो ती." आणि रडला. खोटं नाही सांगत, डोळ्यांत खरंच पाणी होतं. तुझ्या आईला यातलं काहीच माहीत नाही, कारण तू घरात कधी एक शब्द काढला नाहीस. ती बिचारी मला म्हणाली, "शुभांगी, सरांना चाय दे गो. लांबशी आलेत." मी चहा केला. साखर घातली नाही. त्या दिवशी माझ्या हातात तेवढंच होतं. त्याने तो मुकाट्याने प्यायला, आणि जाताना दाराशी मला गाठून हळूच विचारलं, "चाकाचं ते सगळं सामान तुमच्याकडेच आहे ना? बोलू आपण, जरा सावरा."

म्हणजे तो सामानासाठी आला होता, वैजू. तू तर गेली होतीस. आता सामान हवं होतं.

तुझा जन्म कुठला, शिक्षण काय, स्वभाव कसा मनमिळाऊ, हे सगळं पेपरात तुझ्या फोटोखाली छापून आलंय. मनमिळाऊ! तुझ्याबरोबर गाडीत बसून कुणी एकदा आवाजाची मोजणी करून बघावी. चिप्सची पिशवी उघडली तर तू गाडी थांबवायचीस. खोकला आला तर माझ्याकडे असं बघायचीस, जणू मी मुद्दाम क्षयरोग लावून घेतलाय. "शुभे, तुझी ओढणी सळसळते," हे वाक्य दुसऱ्या कुठल्या मैत्रिणीने आयुष्यात ऐकलं नसेल.

तारापूरच्या त्या प्रयोगशाळेत मी तुझ्याआधी लागले. आमचं घर कुंभवलीला, वडील कारखान्यात, त्यामुळे धुराड्यांची मला सवय. कारखान्यांच्या चिमण्यांवर चढून धूर तपासायचा, नाल्याचं पाणी बाटलीत भरायचं, ही कामं माझी. तू आलीस आणि आवाजाची कामं तुझ्याकडे गेली. कंप्रेसरशेजारी कान किती किटतात, जनरेटरची खोली किती गरजते, असलं मोजायचं. तिथे तुझं मन रमत नव्हतं. बोईसरच्या नाक्यावर चहा पिताना तू रस्त्याकडे पाठ करून बसायचीस आणि डोळे मिटून सांगायचीस, "टँकर. रिकामा. टायर घासलेले." मी वळून बघायचे. टँकरच असायचा. टायर घासलेले होते की नाही हे मला आजही ओळखता येत नाही.

मग हायवेला जोडणारा एक रस्ता रुंद झाला, डांबराचा काँक्रीटचा झाला, आणि त्याच्या आवाजाचा अहवाल करायचं काम सरांना मिळालं. असा अहवाल कसा होतो ते तूच मला पहिल्यांदा समजावलंस. संगणकाला सांगायचं की गाड्या किती, वेग किती, घरं किती लांब, रस्ता कशाचा. तो गणित करून सांगतो, कुठल्या घरात किती आवाज पोचेल. जिथे जास्त, तिथे भिंत घाला किंवा रस्त्यावर इलाज करा. सगळं त्या 'रस्ता कशाचा' वर येऊन अडलं. सर म्हणाले, "सरासरी टाका." तू म्हणालीस, "सर, या काँक्रीटवर पकड राहावी म्हणून आडव्या रेघा मारल्यात. चाक त्यांच्यावरून गेलं की शीळ घालतं. सरासरीत ही शीळ येणार नाही." सर हसले. "बाई, गाडीचा आवाज इंजिनचा असतो."

तो इंजिनचा नसतो हे दाखवायला तू महिनाभर रविवार घालवलेस. गाडीने जरा वेग धरला की इंजिन मागे पडतं आणि चाक बोलायला लागतं, हे तुझं म्हणणं. त्यासाठी माइक चाकाजवळच हवा. औद्योगिक वसाहतीतल्या त्या वेल्डिंगवाल्याकडे आपण गेलो, तुझ्या जुन्या गाडीच्या मागच्या चाकाला बसेल असा लोखंडी दांडा बनवून घ्यायला. त्याने तुझं चित्र उलटसुलट करून बघितलं. "मॅडम, ये माइक पहिये का गाना रेकॉर्ड करेगा क्या?" तू गंभीरपणे म्हणालीस, "हां, वही." त्याने दांडा इतका पक्का केला की खड्ड्यात गाडी आपटली तेव्हा बंपर सुटला, दांडा नाही. तू बंपरकडे ढुंकूनही बघितलं नाहीस. रस्त्यावर बसून आधी माइकची जाळी तपासलीस. मी इतकी हसले होते, की मागून येणारा रिक्षावाला थांबला, बाईला फिट आली की काय बघायला. ते हसणं मी तुझ्याकडून घेतलंय, वैजू. त्याची परतफेड राहिली.

आकडे आले ते तू म्हणत होतीस तसेच. डांबरावर एक, या रेघांच्या काँक्रीटवर दुसरंच. तू ते नेऊन सरांना दिलेस. अहवालात ते नव्हते. तिथे सरासरीच होती, आणि रस्त्याकडेच्या पाड्यासमोर लिहिलं होतं: उपाययोजनेची गरज नाही.

त्या पाड्यावर सविता अंगणवाडी चालवते. दुपारी पोरं झोपवायची, तर पोरं झोपत नाहीत. गाणं शिकवायचं, तर घसा फाडायचा. तुला ती पहिल्याच भेटीत म्हणाली होती, "डांबर होता तवा गाडी यायची नि जायची. आता गाडी जाते, आवाज नाय जात." आपण इतकी पानं भरून जे लिहिलं होतं, ते तिने उभ्या उभ्या सांगितलं, असं तू परत येताना म्हणालीस. मी म्हटलं, सांगून काय उपयोग, तिचं कोण घेतंय?

जनसुनावणीचा मांडव पाड्याजवळच घातला होता. सविता उठली आणि धीर करून बोलली, "या बाई तर सांगत होत्या का आवाज लय जास्ती हाय. मग कागदात कसा नाय?" सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तू उठलीस. तेवढ्यात सरांनी माइक ओढला. काय म्हणाले ते मला अक्षर न् अक्षर पाठ आहे. "आमच्या बाई जरा हौशी आहेत. चाकाला माइक बांधून फिरतात. आता चाकाचा आवाज चाकाजवळ मोठाच असणार ना? घरात कोण चाक उशाला घेऊन झोपतं?"

मांडव हसला. अधिकारी हसले, पुढारी हसले, खुर्च्या मांडणारेही हसले. तू उभी होतीस, ती खाली बसलीस. कानामागचे केस उगाच सारखे करत राहिलीस. मला तिथेच त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटत होतं, आणि तू माझं मनगट धरून ठेवलं होतंस.

परत निघालो, गाडी तूच चालवत होतीस. मनोरच्या अलीकडे बोललीस, "त्यांचा प्रश्न बरोबर होता, शुभे."

"काय?"

"चाकाजवळचा आवाज घरापर्यंत किती पोचतो, ते आपण दाखवलंच नव्हतं."

"प्रश्न बरोबर असेल. माणूस नीच आहे."

"माणसाच्या मागे लागलं, की रस्ता राहून जातो."

"रस्ता सही करत नाही वैजू. माणूस करतो."

हे आपलं भांडण तिथे सुरू झालं आणि संपलंच नाही. तू पुन्हा कामाला लागलीस. माइकची जोडी चाकाला, एक माइक रस्त्याच्या कडेला, एक अंगणवाडीच्या दारात. एकच गाडी एकाच वेळी तिन्हीकडे ऐकायची. सविता दारातल्या माइकशेजारी राखणीला बसायची आणि कोंबड्यांना हाकलायची. चाकाशी जन्मलेली ती शीळ दारापर्यंत कशी येते, वाटेत किती मरते, किती उरते, सगळं तू मांडलंस. इतकं नेटकं, की मलाही कळलं. आणि ते पुन्हा नेऊन त्याच माणसाला दिलंस! का? माझा तुझ्यावरही राग आहे, हे आज सांगून टाकते. शहाणी बाई, ज्याने तुझं हसं करून तुला खाली बसवलं, त्याच्याच हातात तू पुन्हा आपलं काम ठेवलंस.

त्याने पुण्याला परिसंवादात ते आपलं म्हणून वाचलं. पडद्यावर तुझ्या गाडीचं चाक होतं. दांड्यावर तुझा हात होता, मनगटापर्यंतच. पुढची तू कापलेली. मी तो फोटो तुला दाखवला तेव्हा तू मोठा करून बघितलास आणि म्हणालीस, "जाळी तिरकी बसलीय बघ."

मी तेव्हाच नोकरी सोडायला हवी होती. तुझ्यामुळे नाही सोडली. तू सोडत नव्हतीस, कारण बाहेर पडलीस तर ती यंत्रं तुला कोण देणार होतं?

गणपतीत तू म्हणालीस, पोटात दुखतंय. दिवाळीपर्यंत आपल्याला स्वादुपिंड हा शब्द नीट म्हणता यायला लागला होता. मुंबईच्या फेऱ्या झाल्या, मग त्याही थांबल्या. शेवटी तू ओटीवरच्या खाटेवर, समोर पानवेलीची वाडी, आणि मी रजा टाकून पायाशी. एका दुपारी आई वाडीत गेली होती. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "वचन दे, त्याच्या मागे लागणार नाहीस."

मी तुझ्या पायांना तेल चोळत राहिले.

"शुभे."

"ऐकतेय."

"मग दे ना."

मी दिलं नाही. मरणाऱ्या माणसाला खोटं वचन देतात, सगळे देतात, त्यात काही पाप नाही म्हणतात. मला जमलं नाही. तू तोंड भिंतीकडे फिरवलंस. थोड्या वेळाने पाणी मागितलंस, मी पाजलं, आणि आपण तो विषय परत काढला नाही. तू रागावून गेलीस की दमून, हे मला कोण सांगणार?

तेराव्यानंतर सरांचा फोन आलाच. एका लांब रस्त्याचं मोठं काम होतं, आणि काम देणाऱ्यांची अट होती की पुस्तकी सरासरी चालणार नाही, चाकाचा आवाज प्रत्यक्ष मोजून द्या. आपल्या भागात ते करणारी एकच होती. "सादरीकरण मी करतो," सर म्हणाले, "तुम्ही फक्त शेजारी बसा. काही अडलं तर सांगा."

"बरं सर," म्हटलं.

मी निळी साडी नेसले. तुझ्या तिसाव्या वाढदिवसाला आपण दोघींनी मिळून घेतलेली. पालघरच्या त्या सभागृहात लांब टेबलाच्या एका बाजूला अधिकारी, मध्ये त्यांनी बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञ बाई. वयस्कर, केस आखूड, चष्मा दोरीला लोंबणारा. सर छान बोलले. बोलायला त्यांना कधीच अडचण नव्हती. पडद्यावर तुझा दांडा आला, तुझा मनगटापर्यंतचा हात आला. बाईंनी चष्मा डोळ्याला लावला आणि साधा प्रश्न विचारला, "हे दोन माइक इतके जवळजवळ का लावलेत?"

सरांनी माझ्याकडे बघितलं.

मी पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत होते.

त्यांनी टेबलाखालून पायाने माझी खुर्ची हलवली. मी लेबल वाचत राहिले. वैजू, मला उत्तर येत होतं. तू मला ते पन्नासदा सांगितलंयस. एका माइकला नुसता आवाज कळतो. जोडीने लावले तर आवाज कुठून येतोय तेही कळतं, म्हणून वारा आणि इंजिन वगळून फक्त चाकाचा आवाज वेचता येतो. सगळी पद्धत त्या एका गोष्टीवर उभी आहे.

"म्हणजे," सर म्हणाले, "एक बंद पडला, तर दुसरा असावा म्हणून, मॅडम."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "स्टेपनी?"

पहिल्यांदा एक अधिकारी हसला, मग सगळं टेबल. सर स्वतःही हसायला गेले आणि मध्येच थांबले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "तपशील आमच्या शुभांगीताई सांगतील," ते म्हणाले.

"मी काय सांगणार मॅडम," मी म्हटलं, "सरांनी पुण्याला यावर निबंध वाचलाय."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा हात कोणाचा आहे?"

तेव्हा मी उभी राहिले. तुझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं सांगितलं. दोन माइकचं सांगितलं. मग त्या जुन्या रस्त्याचं सांगितलं. मोजलं होतं, दिलं होतं, अहवालातून काढलं होतं, आणि त्या पोराबाळांच्या पाड्यासमोर 'गरज नाही' लिहून खाली सही केली होती. सर म्हणाले, "हा आमच्या ऑफिसातला अंतर्गत विषय आहे." बाई म्हणाल्या, "बसा तुम्ही." ते बसले.

खरं सांगते, त्या वेळी मला सविता आठवली नाही. पाडा आठवला नाही. रस्ता तर नाहीच. मी फक्त त्यांचे कान बघत होते.

संध्याकाळी माझी नोकरी गेली. त्यांचं काम गेलं. काही दिवसांत जुन्या अहवालावर चौकशीही लागली. मी हे सगळं सांगायला सविताकडे गेले, पेढे घेऊन. तिने पेढा हातात घेतला, खाल्ला नाही.

"वैजूबाईंनी रस्त्याच्या साहेबाला तयार केला होता," ती म्हणाली. "अंगणवाडीसमोरचा रस्ता घासून देणार होता, त्या आडव्या रेघा काढून. यंत्र पण ठरला होता. काल त्याचा मानूस आला. बोलला, चौकशी हाय, आता कुनी हात नाय लावायचा."

मला काहीच माहीत नव्हतं. आजारपणात, ओटीवरून फोन करकरून तू हे जमवलंस, आणि मला सांगितलं नाहीस. मी मध्ये पडून बिघडवीन म्हणून ना? शेजारी बसले होते मी, वैजू. तुझ्या पायांना तेल लावत होते.

सविता म्हणाली, "तुमचा झगडा झाला ताई. आमचा आवाज तसाच हाय."

पेढे तिने पोरांना वाटले. एक टँकर गेला, पोरांनी सवयीने बोलणं थांबवलं, आणि तो गेल्यावर परत सुरू केलं.

त्या तज्ज्ञ बाईंचा फोन आला. जुना रस्ता पुन्हा मोजायचाय, तुम्ही याल का, म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि अट घातली, की सुरुवात पाड्यापासून करायची. परवाच्या रविवारी तुझ्या गाडीला दांडा चढवला, माइक त्या बाईंनी आणले. तुझ्या आईने चावी देताना विचारलं, "आता कोन बसनार चालवायला?" मी म्हटलं, मीच. सविता दारातल्या माइकशी बसली. आकडे तुझ्यासारखेच येताहेत. रस्ता घासायचं काम होईल म्हणतात. पण वेळ लागेल, आणि हा वेळ माझ्यामुळे लागतोय. तू असतीस तर आत्तापर्यंत तिथला रस्ता घासून झाला असता. हे मला कळतं. कळूनही पश्चात्ताप होत नाही, हे तुला नाही तर कोणाला सांगू?

काल दुपारी सरांचा फोन आला. आवाज बसला होता. प्रयोगशाळेची आणखी दोन कामं गेली म्हणाले. मी ऐकत होते. मग म्हणाले, "शुभांगी, एक सांगू? वैजयंतीला हे आवडलं नसतं."

"माहीत आहे सर," मी म्हटलं. "म्हणून ती असेपर्यंत थांबले."

फोन ठेवला. घरात सुक्या बोंबलाचं कालवण होतं, सकाळचंच. तू गेल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. काल ते गरम केलं, भात वाढून घेतला, आणि जेवले. मग परत घेतला. ताट पुसून खाल्लं, वैजू. हात धुतले तेव्हा कुठे रडू आलं.